ताई ची शिकताना : चेन की यांग?

ताई ची ही चिनी युद्धकला शिकण्याचे ठरल्यावर तिच्या घराण्यांपैकी चेन पद्धत निवडावी की यांग, हा प्रश्न लवकरच उभा राहतो. मी दोन्ही पद्धतींचा सराव केला आहे आणि या कलेची जडणघडण लक्षात घेतल्यावर निवड सोपी होते, असे मला वाटते.

वूडांग पर्वतावरील साधू झांग सानफेंग याने ताई ची निर्माण केली ही कथा लोकप्रिय असली, तरी तिला ऐतिहासिक आधार नाही. १९३०च्या दशकात तांग हाओ या अभ्यासकाने हनान प्रांतातील चेनजियागोऊ गावात शोध घेऊन या कलेचे मूळ सतराव्या शतकातील चेन वांगतिंग या योद्ध्यापर्यंत नेले. चेन घराण्यातील कित्येक मुद्रांची नावे सेनापती छी जिगुआंगने सोळाव्या शतकात सैनिकांसाठी लिहिलेल्या ग्रंथातील ३२ मुद्रांशी जुळतात, आणि ही कला लढाईतूनच आली याची ती मोठी खूण आहे.

यांग पद्धतीचा प्रवर्तक यांग लूछान (१७९९–१८७२) याच गावात चेन छांगशिंगकडे शिकला आणि पुढे बीजिंगमध्ये राजघराण्यातील मंडळींना शिकवू लागला. त्याचा नातू यांग चंगफू याच्या हाती उड्या, पाय आपटणे आणि अचानक सुटणारे प्रहार गळून संथ, एकसारख्या गतीची, मोठ्या मोकळ्या हालचालींची मांडणी रूढ झाली. १९५६ साली चीन सरकारने प्रसिद्ध केलेला २४ हालचालींचा संच याच मांडणीवर बेतलेला आहे. शिकायला सोपा, कोणत्याही वयाला झेपणारा आणि सर्वत्र जवळपास सारखाच शिकवला जाणारा हा संच आहे, हे त्याचे मोठेच गुण आहेत.

माझी अडचण या एकसारख्या गतीचीच झाली. कंबरेऐवजी नुसते हात फिरत असले, तरी यांग पद्धतीत हालचाल बाहेरून डौलदारच दिसते. आपले काय चुकते आहे ते आपल्याला कळत नाही, आणि वर्गात ‘अंग सैल सोडा’ या सूचनेपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. चेन पद्धतीत कोशातून रेशीम उलगडावे तशी पीळदार हालचाल सुरुवातीपासून करून घेतात. तिथे कंबर मागे राहिली की खांदा लगेच आखडतो, आणि संथ हालचालीनंतर येणारा झटक्याचा प्रहार पोकळ निघतो. ही जागच्या जागी होणारी पारख मला यांगमध्ये कधीच मिळाली नाही; कदाचित अधिक जाणकार शिक्षक असता तर मिळालीही असती.

गुडघे दुखत असतील, तर चेनमधील खोल बैठका त्रासदायक ठरू शकतात आणि अशा व्यक्तीने यांगच घ्यावी, हे मोकळेपणाने सांगायला हवे. चेनचे शिक्षकही सहज सापडत नाहीत. मात्र शरीर साथ देत असेल आणि शिक्षक मिळत असेल, तर मी चेनकडेच बोट दाखवेन. चेनमधील पहिला, संथ संच पक्का होण्याआधीच ‘पाओ छुई’ हा वेगवान दुसरा संच शिकवणाऱ्या वर्गात मात्र जाऊ नये.