युद्धकैद्याची नोंद शोधताना: कोणती संकेतस्थळं कामाची, कुठे फसगत होते

नाव टाकलं की कैद्याची सगळी हकिकत समोर येईल, असं एकही संकेतस्थळ नाही. युद्धकैद्याचे कागद दोन जागी साठतात: ज्या देशासाठी तो लढला तिथे आणि ज्या देशाने त्याला पकडलं तिथे. या दोहोंच्या मध्ये जिनिव्हाची रेड क्रॉस. म्हणून आधी तीन गोष्टी ठरवाव्यात: सैनिक कोणाचा, ताबा कोणाचा, साधारण साल कोणतं. त्यावरून कोणतं दार ठोठावायचं ते कळतं.

पहिल्या महायुद्धासाठी आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीचा १९१४-१८ संग्रह सर्वोत्तम. तो मोफत आहे, आणि ऑगस्ट १९१४ मध्ये जिनिव्हात सुरू झालेल्या कैदी एजन्सीची सुमारे ५० लाख सूचीकार्डं त्यात पाहता येतात. पण वापरण्याची पद्धत समजली नाही तर माणूस पाच मिनिटांत कंटाळून उठतो. कार्डांची छायाचित्रं आहेत, त्यावरची नावं मात्र टंकलेली नाहीत. सैनिक की नागरिक ते निवडा, देश निवडा, आडनाव लिहा; साइट तुम्हाला त्या आडनावाच्या आसपास नेऊन सोडते. तिथून पुढे-मागे सरकत स्वतः शोधायचं. सारख्या उच्चाराची आडनावं पुष्कळदा एकत्र लावलेली आहेत, त्यामुळे स्पेलिंगप्रमाणे जिथे असायला हवं तिथे नाव नसेल तर दुसऱ्या स्पेलिंगच्या जागीही बघा.

बरेच जण कार्ड सापडलं की थांबतात, आणि तिथेच घोडचूक होते. खरा ऐवज रजिस्टरात आहे. कार्डावर अक्षरं आणि आकडा असा संदर्भ असतो. तो जसाच्या तसा उतरवून त्याच साइटवर टाकला की छावणीकडून आलेल्या यादीचं पान उघडतं. पलटण, कंपनी, कुठे आणि कधी पकडला, जखम, जन्मगाव, घरचा पत्ता हे तिथे मिळतं. एका माणसाचे तीन-चार संदर्भ असतील तर सगळे उघडा, कारण छावणी बदलली की नवी यादी यायची. कार्डावर ‘नेगातीफ’ असा फ्रेंच शिक्का दिसला तर तो कैदी होता असं समजू नका. घरच्यांनी चौकशी केली होती आणि एजन्सीने ‘माहिती नाही’ असं कळवलं, एवढाच त्याचा अर्थ.

दुसऱ्या महायुद्धाचा रेड क्रॉसचा संग्रह असा घरबसल्या चाळता येत नाही. अर्ज करावा लागतो, आणि अर्ज ठरावीक काळातच, मर्यादित संख्येने घेतले जातात. ब्रिटिश आणि राष्ट्रकुल सैनिकांसाठी तोवर लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजचा कॅटलॉग गाठावा. इथे मालिका क्रमांक (एकाच प्रकारच्या कागदांच्या संचाला दिलेला क्रमांक) माहीत असणं म्हणजे निम्मं काम. ‘डब्ल्यूओ’ म्हणजे वॉर ऑफिस, ब्रिटिश युद्धखातं. डब्ल्यूओ ४१६ मध्ये जर्मनांनी ठेवलेली कैद्यांची कार्डं आहेत, डब्ल्यूओ ३९२ मध्ये कैद्यांच्या याद्या, डब्ल्यूओ ३४४ मध्ये सुटकेनंतर भरून घेतलेल्या प्रश्नावल्या, आणि डब्ल्यूओ ३४५ मध्ये जपान्यांची कार्डं. पहिल्या महायुद्धातून परतलेल्यांचे जबाब डब्ल्यूओ १६१ मध्ये आहेत. नुसतं आडनाव टाकलं तर मृत्युपत्रांपासून खटल्यांपर्यंत सगळं येऊन आदळतं; प्रगत शोधात संदर्भाच्या चौकटीत मालिका क्रमांक टाकला की यादी आटोक्यात येते. डब्ल्यूओ ४१६ मधली काही कार्डं अजून बंद आहेत. ती मागताना त्या माणसाच्या मृत्यूचा पुरावा जोडला तर उघडण्याची शक्यता वाढते.

जपानी कार्ड पाहून घाबरू नका. तारखा शोवा सनात, म्हणजे जपानी सम्राटाच्या कारकिर्दीच्या वर्षांत असतात: आकड्यात १९२५ मिळवा, म्हणजे शोवा १७ हे १९४२. मागची बाजू मागवायला मात्र विसरू नका, बदल्यांच्या नोंदी तिथे सापडतात. जपानमध्येच ठेवलेल्या कैद्यांसाठी तिथल्या पीओडब्ल्यू (युद्धकैदी) रिसर्च नेटवर्क या अभ्यासगटाच्या छावण्यांच्या आणि मृतांच्या याद्या फार काळजीपूर्वक केलेल्या आहेत.

जर्मन छावण्यांच्या क्रमांकांनी भल्याभल्यांची दिशाभूल केली आहे. श्टालाग शिपायांसाठी, ओफ्लाग अधिकाऱ्यांसाठी, डुलाग तात्पुरत्या मुक्कामासाठी, आणि पुढचा रोमन आकडा लष्करी जिल्ह्याचा. लाम्सडोर्फची छावणी आधी श्टालाग आठ-बी होती. १९४३ मध्ये तिला ३४४ हा क्रमांक मिळाला आणि आठ-बी हे नाव टेशेनच्या छावणीकडे गेलं. म्हणजे १९४२ चं ‘आठ-बी’ आणि १९४४ चं ‘आठ-बी’ ही दोन वेगळी ठिकाणं. नोंदीवर तारीख नसेल तर छावणीचा निष्कर्ष काढू नये. कैदी क्रमांकाचंही तसंच. तो सहसा पहिल्या छावणीत मिळतो आणि बदलीनंतरही टिकतो. वेगवेगळ्या छावण्यांत तोच आकडा वेगळ्या माणसांना दिलेला असतो. छावणीचं नाव सोबत नसेल तर आकड्याला अर्थ नाही.

अमेरिकन कैद्यांसाठी तिथल्या नॅशनल आर्काइव्हजचा एएडी (ॲक्सेस टू आर्काइव्हल डेटाबेसेस) हा डेटाबेस मोफत आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या फाइलमध्ये १,४३,३७४ नोंदी आहेत. सगळी माहिती सांकेतिक आकड्यांत आहे, अर्थ सोबतच दिसतो. त्यातली तारीख अहवालाची असते, पकडल्याची नव्हे. वंशवृक्षांत ही गल्लत सर्रास आढळते. सेवापुस्तिका मागवणार असाल तर हेही लक्षात घ्या की १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या दप्तरखान्याला लागलेल्या आगीत १९१२ ते १९६० दरम्यान सेवेतून मुक्त झालेल्या भूदल सैनिकांची सुमारे ८० टक्के दप्तरं जळाली. त्यामुळे एएडीमधली एक ओळही मोलाची ठरते.

जर्मनीतल्या आरोल्सेन आर्काइव्हजमध्ये सुमारे १ कोटी ७५ लाख लोकांचे उल्लेख आहेत, पण तो मुख्यतः छळछावण्यांचा आणि वेठबिगारांचा संग्रह. ब्रिटिश किंवा अमेरिकन सैनिक तिथे सापडण्याची आशा कमी; पोलिश, सोव्हिएत आणि इटालियन सैनिकांना मजूर म्हणून राबवलं गेलं, त्यांच्यासाठी मात्र जरूर पाहा. कागदावरच्या रकान्यांचा अर्थ सांगणारं त्यांचं ई-मार्गदर्शक या सगळ्या साइट्समधलं सर्वात उपयोगी साधन आहे. दुसऱ्या संग्रहातलं जर्मन कार्ड वाचतानाही ते उघडून ठेवावं. सोव्हिएत कैद्यांसाठी रशियाचा ओबीडी मेमोरियल हा डेटाबेस आहे. तिथे शोध सिरिलिक लिपीतच घ्यावा, आणि जर्मन कारकुनाने ऐकून लिहिलेलं नाव कसं बिघडलं असेल याचा अंदाज घेत तीन-चार रूपं तपासावीत.

कैदेत मृत्यू झाला असेल तर राष्ट्रकुल सैनिकांच्या कबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर फक्त नाव पाहून परतू नका. त्याच पानावर खाली मूळ कागद जोडलेले असतात. मृतदेह आधी कुठे पुरला होता आणि तिथून कोणत्या दफनभूमीत हलवला, हे त्या कागदांत असतं, आणि त्यावरून शेवटची छावणी ठरवता येते.

पैसे घेणाऱ्या वंशावळीच्या साइट्सकडे या सगळ्यानंतर वळावं. डब्ल्यूओ ३९२ च्या याद्यांची चित्रं तिथे घरबसल्या मिळतात, तेवढ्यासाठी महिनाभराची वर्गणी योग्य आहे. अमेरिकन कैद्यांची तिथली सूची मात्र एएडीच्याच फाइलवरून घेतलेली असते. तिच्यासाठी पैसे मोजू नका.