टीडीडी नऊ महिने वापरून: कधीच लाल न झालेली एक टेस्ट

मागच्या महिन्यात आमच्या टूलने एकाची सबटायटलची फाइल गिळली. सहा तास बसून हाताने दुरुस्त केलेली. त्याने तक्रार अगदी सभ्य भाषेत लिहिली होती, आणि त्याचाच जास्त त्रास झाला. मूळ फाइलवर लिहिण्याआधी तिची प्रत काढली जाते, असं आमच्या रीडमीमध्ये (टूलच्या माहितीपत्रकात) ठळक अक्षरांत आहे. त्यासाठी टेस्ट आहे. ती टेस्ट हिरवी आहे, म्हणजे पास. नऊ महिने आम्ही टीडीडीच्या, म्हणजे आधी टेस्ट, मग कोड या नियमाने चालतोय. मग प्रत गेली कुठे?

तेव्हा हा अनुभव जरा चिडून लिहिलाय, हे आधीच सांगते. लाल (टेस्ट पडते), हिरवं (पास होते), रिफॅक्टर (वागणं तसंच ठेवून कोड सुटसुटीत करायचा) या चक्रावर जास्त बोलत बसणार नाही.

प्रोजेक्ट छोटा आहे. पायथनमधलं कमांड लाइन टूल: एसआरटीचं वेबव्हीटीटी (दोन्ही सबटायटलच्या फाइलींचे प्रकार) करायचं, वेळा मागेपुढे सरकवायच्या, फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) बदलायचा. मेंटेनर, म्हणजे कोड सांभाळणारे, दोघं, दोघंही नोकरी सांभाळून. अधूनमधून पॅच (कोडमधले छोटे बदल) पाठवणारे दहाबारा जण. टीडीडी आणण्यामागे तत्त्वज्ञान वगैरे काही नव्हतं, माझा कंजूषपणा होता. आठवड्याला मोजून दोन संध्याकाळी मिळतात, आणि त्यातली एक जुनाच बग पुन्हा मारण्यात जायची.

पहिले तीन महिने मी या पद्धतीची भक्त होते. आमच्या कामाला ती चपखल बसते, कारण आत मजकूर जातो आणि बाहेर मजकूर येतो. एसआरटीत सेकंदांनंतर स्वल्पविराम, वेबव्हीटीटीत टिंब: एवढीशी टेस्ट, लाल, दोन ओळींचा कोड, हिरवी. फाइलच्या सुरुवातीला बीओएम (डोळ्यांना न दिसणारी खूण) असला की पहिलं सबटायटल गायब व्हायचं. हा बग आम्ही त्याआधी तीनदा ‘सोडवला’ होता. टेस्ट आल्यापासून तो परत फिरकला नाही. पायथनचं राउंड २.५ चे २ करतं, म्हणजे बरोबर अर्ध्यावर आलं की सम संख्येकडे झुकतं, हे इतकी वर्षं पायथन लिहून मला माहीत नव्हतं. अपेक्षित उत्तर आधी लिहून ठेवलं होतं म्हणून कळलं.

अतिरेकही याच काळात झाला. २३.९७६ हा फ्रेम रेट खरं तर २४०००/१००१ असतो. सरळ २३.९७६ धरला तर दोन तासांच्या चित्रपटाच्या शेवटी जेमतेम ७ मिलिसेकंदांचा फरक पडतो. माणसाला तो दिसत नाही. टेस्टला दिसला. एक अख्खी संध्याकाळ गेली.

वेगाचं थोडक्यात. सुरुवातीला प्रत्येक टेस्ट डिस्कवर खरी फाइल बनवायची, सगळा संच चालायला दीड मिनिट. दीड मिनिटात मी दुसरा टॅब उघडते आणि परत येत नाही. पार्सिंग आणि फाइल हाताळणं वेगळं केल्यावर चार सेकंदांवर आलं. कोडही त्यामुळे सुटसुटीत झाला, हे कबूल. फाइल हाताळणाऱ्या भागासाठी मॉक (खऱ्या फंक्शनच्या जागी उभे केलेले तोतये) वापरले. आणि तिथेच माशी शिंकली.

प्रत काढण्याच्या टेस्टमधली शेवटची ओळ अशी होती: असर्ट, मग बॅकअपचा मॉक, टिंब, कॉल्ड_वन्स_विथ, कंसात फाइलचा पत्ता. खटकतंय काही? मला खटकलं नाही, माझ्या सहमेंटेनरलाही नाही. खरं नाव असर्ट_कॉल्ड_वन्स_विथ. पण मॉक इतका मनमिळाऊ की कुठलंही नाव विचारा, ‘आहे की’ म्हणतो आणि नवा मॉक काढून हातावर ठेवतो. तो मॉक सत्य धरला जातो, म्हणून असर्ट पास. बॅकअप एकदा घ्या, शंभरदा घ्या, घेऊच नका, टेस्ट हिरवीच.

पाचव्या महिन्यात मी रिफॅक्टरिंग करताना बॅकअपला बोलावणारी ओळच उडाली. टेस्ट हिरव्या आहेत या भरवशावर मर्ज केलं, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळलं. कव्हरेजही (टेस्टमध्ये किती ओळी चालल्या याचं माप) जागचं हललं नाही. प्रत काढणाऱ्या फंक्शनला स्वतःची वेगळी टेस्ट होती, ते ठणठणीत. आणि नसलेली ओळ कव्हरेज मोजत नाही.

पायथनवाल्यांना ही खोड चांगली माहीत आहे. पायथन ३.५ पासून असर्टने सुरू होणारं भलतं नाव मॉक नाकारतो. एवढंच काय, घाईत ‘असर्ट’ची अक्षरं उलटीसुलटी होऊन ‘अस्रेट’ टाइप झालं तरी पकडतो. पण पुढचा असर्टच गाळला तर ते थेट ३.१२ मध्ये पकडायला लागलं. आम्ही ३.११ वर. तक्रार आल्यावर ३.१२ वर टेस्ट चालवली आणि त्याच ओळीवर ॲट्रिब्यूट एरर (‘असं नाव चालणार नाही’). पाच मिनिटं नुसती बघत बसले.

खापर मॉकवर फोडून मोकळं होता आलं असतं. पण ती टेस्ट मी खरोखर आधी लिहून चालवली असती, तर कोड नसतानाच हिरवी आली असती आणि तिथेच पाल चुकचुकली असती. त्या रात्री मी दोन्ही एकदम लिहिलं, एकदाच चालवलं आणि झोपले. कमिटच्या (नोंदवलेल्या बदलांच्या) क्रमात मात्र टेस्ट आधी दिसते. तसा क्रम मीच लावला होता.

तेव्हापासून टीडीडीतली एकच गोष्ट माझ्या डोक्यात घर करून बसली आहे: टेस्ट लाल झालेली कुणी पाहिली का? डिझाइन सुधारतं का, रूबी ऑन रेल्सचे जनक डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी २०१४ साली ‘टीडीडी मेलं’ असं लिहिल्यावर टीडीडी रुजवणारे केंट बेक आणि लेखक मार्टिन फाउलर यांच्याशी झालेल्या चर्चेत कोण बरोबर होतं, हे वाद मी आवडीने वाचायचे. आता फक्त लाल बघते. ओपन सोर्समध्ये तर हे जास्तच अवघड. पॅच पाठवणाऱ्याने घरी काय आधी लिहिलं ते आपल्याला कसं कळणार? कमिट हवे तसे लावता येतात, मर्ज करताना सगळे एकात दाबले जातात.

म्हणून सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेत) एक उलटी पायरी घातली. पुल रिक्वेस्टमधल्या (बदल मिसळून घेण्याच्या विनंतीतल्या) फक्त टेस्ट उचलायच्या, जुन्या कोडवर चालवायच्या. एकही पडली नाही तर मर्ज बंद. पहिल्याच आठवड्यात या पायरीने दोन पॅच पकडले, त्यातला एक माझा.

मग त्रास सुरू झाला. जुन्या कोडवर टेस्ट पडते खरी, पण कशामुळे? नवं फंक्शन जुन्या कोडमध्ये नसतंच, मग इम्पोर्टपाशीच (फंक्शन आत घेतानाच) आपटते. तेही लाल, पण काहीच सिद्ध न करणारं. पायटेस्टचा, म्हणजे टेस्ट चालवणाऱ्या टूलचा, एक्झिट कोड (संपताना दिलेला आकडा) १ आला तर टेस्ट पडली, २ आला तर टेस्ट गोळा करतानाच अडलं. मी फक्त १ मान्य करायचं ठरवलं. म्हणजे नव्या सोयीसाठी पॅच पाठवणाऱ्याने आधी रिकामं फंक्शन पाठवायचं, मग भरलेलं. एक जुना सहकारी यावर वैतागला. ‘सबटायटलच्या टूलला विमानाचे नियम?’ एवढं लिहून त्याने पॅच मागे घेतला. त्यात त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. आता नव्या सोयीला सूट आहे, बगच्या दुरुस्तीला नाही, आणि निव्वळ रिफॅक्टरिंगला वेगळं लेबल. ते लेबल फक्त आम्ही दोघं लावतो.

उलट बाजूने कुणीतरी एसक्यूलाइट या डेटाबेसचं उदाहरण तोंडावर फेकतंच: त्यांचा टेस्टचा कोड मूळ कोडच्या ५९० पट. बरोबर आहे, ३.४२.० आवृत्तीचा तो आकडा त्यांनीच दिलाय. पण ते बाहेरच्यांचे पॅच सहसा घेत नाहीत, आणि त्यांचा टीएच३ हा टेस्टचा संच खुला नाही. आमच्याकडे दोन संध्याकाळी आहेत.

ज्याची अपेक्षाच नव्हती असा फायदा बग रिपोर्टमध्ये झाला. आता आम्ही रिपोर्टसोबत पडणारी टेस्ट मागतो. सगळे देत नाहीत, आग्रहही नाही. पण कुणी दिली की ती एक्सफेल (‘ही पडणारच’ अशी खूण) लावून, स्ट्रिक्ट (पास झाली तर चूक धरायची) ठेवून लगेच मर्ज करतो. बग जिवंत असेपर्यंत सीआय गप्प. कुणी दुरुस्त केला, अगदी चुकून जरी, की टेस्ट अनपेक्षित पास होते आणि सीआय ओरडतं. पूर्वी ‘हा बग अजून आहे का?’ एवढं तपासायला माझी अर्धी संध्याकाळ जायची. हा वाचलेला वेळ मी नऊ महिन्यांच्या हिशेबात सगळ्यात वर लिहीन. गिट बायसेक्टलाही (बग कुठल्या कमिटने आणला ते शोधणाऱ्या कमांडलाही) याच टेस्ट कामी येतात. फक्त टेस्टचं नाव चुकवू नका. पायटेस्ट ४ परत देतं, बायसेक्ट ते ‘वाईट’ धरतं, आणि एक निरपराध कमिट फासावर जातो. माझ्याकडून गेलाय.

भर, दोन आठवड्यांनी: ज्याची फाइल गेली होती त्याने टूल सोडलं असेल असं मी धरून चालले होते. काल त्याची पुल रिक्वेस्ट आली. नुसती टेस्ट, अकरा ओळी, मॉक नाही, तात्पुरत्या फोल्डरमध्ये खऱ्या फाइली: प्रत आधीच असेल तर नवी प्रत जुनीवर चढते का? चढते. म्हणजे दुसऱ्यांदा चालवलं की मूळ फाइल पुन्हा गेलीच. जुन्या कोडवर एक्झिट कोड १. एक्सफेल लावून मर्ज केली आहे. दुरुस्ती गुरुवारी, ती माझी संध्याकाळ.