बेल्ट-डिस्क सँडर आणि त्याची धूळ : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

चार इंची बेल्ट आणि सहा इंची डिस्क असलेले, फिरत्या सँडपेपरवर लाकूड घासून गुळगुळीत करणारे हे जोडमशीन मी काही महिने घरच्या वर्कशॉपमध्ये नियमित वापरले आहे. मोटर, टेबल, बेल्टची लांबी यांची माहिती वाचकांना असतेच, म्हणून ती पुन्हा देत नाही. लिहावेसे वाटले ते सर्व्हिस सेंटरच्या एका उत्तरामुळे. मोकळ्या रोलरचे (मोटरला न जोडलेल्या, बेल्टबरोबर फिरणाऱ्या रोलरचे) बेअरिंग आवाज करू लागले, पाठोपाठ बेल्ट एका बाजूला सरकू लागला आणि वॉरंटीची मुदत शिल्लक असल्याने मी मशीन दुरुस्तीला पाठवले. ‘बेअरिंगमध्ये धूळ शिरल्याने झालेली झीज वॉरंटीत बसत नाही’ असा शेरा मारून ते परत आले. लाकूड घासून त्याची भुकटी करणे हेच ज्या मशीनचे काम आहे, त्यात धूळ शिरणे हा ग्राहकाचा दोष कसा ठरतो, असे मी लेखी विचारले. ‘योग्य डस्ट कलेक्शन जोडून वापरावे’ एवढेच उत्तर मिळाले. धूळ ओढण्यासाठी कंपनीने मशीनला दिलेल्या तोंडाला व्हॅक्यूम जोडल्याशिवाय मी हे मशीन कधीही चालवलेले नव्हते, आणि म्हणूनच ते उत्तर मला मान्य नाही.

बेअरिंग मी बाहेरून आणून स्वतः बदलले, आणि मशीन उघडलेलेच होते म्हणून ते धूळ ओढण्याचे तोंड नीट मोजले. बाहेरून ते ३८ मिलिमीटर आहे, पण आतला मोकळा व्यास फक्त ३२ मिलिमीटर भरतो. वर्कशॉपच्या व्हॅक्यूमची जाड होज साधारण ६३ मिलिमीटरची असते. हवा जाण्याची जागा व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्या होजच्या मानाने या तोंडातून जेमतेम पाव वाट मिळते. १०० मिलिमीटरच्या पाइपाशी तुलना केली तर ती दहावा भाग राहते. त्यातही तोंडाच्या लगेच मागे हवेला काटकोनात वळावे लागते आणि त्याच वळणात गार्डच्या, म्हणजे डिस्कभोवतीच्या आवरणाच्या, स्क्रूचे टोक आत आलेले आहे. लाकडाचे लांब तंतू त्या टोकाला अडकतात, त्यांच्यावर भुकटी साचते आणि थोड्याच वेळात वाट बुजते. बाकी मशीनबद्दल माझी तक्रार किरकोळ आहे. टेबल काटकोनात राहते, मोटर दमत नाही, बेल्ट बदलणे सोपे आहे. मात्र एवढे सगळे नीट जमवणाऱ्या कारखान्याला प्लॅस्टिकचे एक तोंड मोठे करता आले नाही, आणि त्याचा भुर्दंड बेअरिंगच्या रूपाने ग्राहकाने भरायचा, हे मला अजूनही खटकते.

तोंड मोठे केले की प्रश्न सुटेल, असे तेव्हा माझे ठाम मत होते. स्क्रू आखूड बसवला, जुने तोंड कापून त्या जागी ६३ मिलिमीटरचा पाइपाचा तुकडा बसवला आणि सांधा बाहेरून सील केला. वाट बुजणे तेव्हापासून बंद झाले आणि पिशवीत भुसा आधीपेक्षा बराच जास्त जमू लागला. पण खोलीतले दिवे मालवून टॉर्चचा झोत डिस्कच्या बाजूने आडवा सोडला, तेव्हा टेबलाच्या कडेने धुळीचा दाट पट्टा बाहेर पडताना स्पष्ट दिसला. सरळ प्रकाशात न दिसणारी बारीक धूळ आडव्या झोतात लगेच दिसते. ज्यांना आपले मशीन स्वच्छ चालते असे वाटते, त्यांनी ही चाचणी एकदा अवश्य करावी.

त्या पट्ट्याने माझे मत बदलले. फुंकलेली हवा लांबवर जाते, पण ओढलेली हवा तोंडाकडे सर्व बाजूंनी येते, त्यामुळे तोंडापासून दूर गेले की ओढ झपाट्याने कमी होते. उघड्या गोल तोंडापासून एका व्यासाइतक्या अंतरावर हवेचा वेग तोंडाशी असलेल्या वेगाच्या सुमारे ७ टक्के उरतो. दुसरीकडे मिनिटाला २८५० फेरे घेणाऱ्या सहा इंची डिस्कची कड सेकंदाला सुमारे २२ मीटर, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने फिरत असते आणि धुळीचे कण जवळजवळ त्याच वेगाने तिच्यावरून सुटतात. इतक्या वेगाने निघालेल्या कणाला चार बोटे लांबून मंद हवेने मागे वळवणे शक्य नसते. त्याच्या वाटेत आडवे येऊनच त्याला धरावे लागते. व्हॅक्यूमची ताकद कमी पडते असे समजून मोठे यंत्र घेण्याच्या विचारात मी होतो. हा हिशेब मांडल्यावर तो विचार सोडला आणि मोठा खर्च वाचला.

डिस्कवर काम नेहमी तिच्या खाली उतरणाऱ्या अर्ध्या भागावर करतात, कारण तेथे डिस्क लाकडाला टेबलावर दाबून धरते. त्यामुळे बहुतेक धूळ टेबल आणि डिस्क यांमधल्या फटीतून सरळ खाली फेकली जाते. कंपनीचा गार्ड या बाजूला अर्धवट उघडा आहे आणि धूळ ओढण्याचे तोंड मात्र पलीकडच्या बाजूला आहे. मी पातळ प्लायवुडची एक खोकेवजा पेटी करून ती टेबलाखाली बसवली. तिचा तळ उतरता ठेवला आणि तोंड धूळ जेथे आदळते त्याच बाजूला घेतले. जुने तोंड बंद केले. टेबल डिस्कच्या जवळ सरकवून फट दोन मिलिमीटरच्या आत आणली, ज्यामुळे लहान तुकडा फटीत ओढला जाण्याचा धोकाही कमी झाला. पेटी आणि मूळ गार्ड यांच्या सांध्यांना फोमची पट्टी लावली.

पेटी पूर्ण हवाबंद करण्याचा मोह येथे होतो आणि तो टाळला पाहिजे. हवा बाहेर ओढायची असेल, तर ती कोठून तरी आत यावी लागते. सगळ्या फटी बुजवल्या तर व्हॅक्यूमचा आवाज चढतो, पण पाइपातून हवा वाहत नाही आणि धूळ पेटीतच फिरत राहते. आत येणारी हवा टेबल आणि डिस्क यांमधल्या फटीतून यावी, म्हणजे ती धुळीला सोबत घेऊनच खाली उतरते. त्या फटीतून पुरेशी हवा येत नव्हती, म्हणून डिस्कच्या वर चढणाऱ्या बाजूला गार्डमध्ये एक लांबट खाच ठेवली. तिची रुंदी टॉर्चच्या उजेडात धूळ पाहत, पुठ्ठ्याची पट्टी मागेपुढे सरकवून ठरवली. या सगळ्या खटाटोपात सर्वाधिक फरक त्या खाचेने पडला.

बेल्टचे काम तुलनेने सोपे निघाले. बेल्ट ज्या रोलरवरून खाली वळतो, तेथे धूळ त्याच्यापासून सुटून पुढे उडते. त्या वळणाला कवेत घेणारे पत्र्याचे झाकण बसवले आणि बेल्टपासून अगदी थोडे अंतर राखून त्याची कड आणली.

होजच्या बाबतीत एक गोष्ट अनुभवाने पक्की झाली आहे. वळ्यावळ्यांची लवचीक होज गुळगुळीत पाइपापेक्षा हवेला दुपटीहून अधिक अडथळा करते, म्हणून ती मशीनजवळ हातभर ठेवून पुढे सरळ पाइप घेतला. बादलीवर बसणारा लहान सायक्लोनही, म्हणजे हवा गोल फिरवून भुसा वेगळा करणारे नरसाळेही, जोडला. जाड भुसा बादलीत पडतो आणि फिल्टर लवकर बुजत नाही, पण अगदी बारीक धूळ सायक्लोनमधून निसटून पुढे जातेच, तेव्हा चांगल्या फिल्टरला तो पर्याय नाही. मोठ्या पंख्याचा डस्ट कलेक्टर ज्यांच्याकडे आधीच आहे, त्यांनी तो चिंचोळ्या तोंडाला जोडून समाधान मानू नये. त्या यंत्रात हवा भरपूर असते, पण दाब कमी असतो, त्यामुळे अरुंद वाटेत ते लंगडे पडते. व्हॅक्यूमचे नेमके उलट असते.

एवढ्या तपशिलात जाण्याचे कारण केवळ बेअरिंग नाही. पाण्याइतक्या घनतेचा १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण स्थिर हवेत दीड मीटर खाली यायला आठ-नऊ मिनिटे घेतो, तर १ मायक्रॉनच्या कणाला त्यासाठी बारा तास लागतात. मशीन बंद करून मास्क काढल्यावर आपण जे श्वासात घेतो, ते हेच कण असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले, आणि त्यात नाक व त्याभोवतीच्या पोकळ्यांच्या कर्करोगाचा संबंध प्रामुख्याने नोंदला आहे. म्हणून एवढी दुरुस्ती करूनही मी एन-९५ मास्क सोडलेला नाही, आणि एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला फळा) घासल्यानंतर व्हॅक्यूम काही वेळ तसाच चालू ठेवतो.

या मशीनवर छिन्नी किंवा लोखंडी पट्टी घासणाऱ्यांनी आधी होज काढावी आणि पेटीतला भुसा पूर्ण झाडून घ्यावा. ठिणगी भुशात किंवा फिल्टरमध्ये दबून राहते आणि आपण खोलीतून गेल्यावर पेट घेते.

नवीन बेअरिंग अजून शांत चालते आहे आणि बेल्ट सरळ राहतो. एक उणीव शिल्लक आहे : बेल्ट उभा करून वापरायचा झाल्यास पत्र्याचे झाकण काढावे लागते आणि त्या स्थितीत धूळ पूर्वीसारखीच उडते. त्यासाठी बिजागरीवर फिरणारे झाकण करून पाहणार आहे. हे मशीन घेण्याचा विचार असलेल्यांनी दुकानात मोटरची ताकद विचारण्याआधी धूळ ओढण्याच्या तोंडाचा आतला व्यास मोजावा आणि ते तोंड डिस्कच्या खाली उतरणाऱ्या बाजूला आहे की नाही, हे वाकून पाहावे.