मानवतच्या जिनिंगात जेटसन नॅनो: एका हंगामाचा अनुभव

मानवतला मेव्हण्याच्या जिनिंगात यंदा कापसाच्या पट्ट्यावर कॅमेरा बसवला. कापसासोबत खताच्या गोणीचे धागे, गुटख्याच्या पुड्या, पिशव्यांचे तुकडे येतात. एखादा जिनमध्ये गेला की रुईभर चिंध्या. असलं काही दिसलं की भोंगा वाजावा, एवढंच काम. त्यासाठी सेकंडहँड जेटसन नॅनो घेतला, म्हणजे एनव्हिडियाचा छोटासा संगणक: १२८ कोरची ग्राफिक्स चिप, ४ जीबी मेमरी, तळहातावर मावेल असा बोर्ड.

पहिले दोन दिवस नुसती फजिती. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम पाठवायचा, माझा प्रोग्राम ६-७ उरकायचा, बाकीच्या मागे साचत जायच्या. मुकादम हसायला लागला, "सर, पिशवी गेली की कवाची! आता कशाला बोंबलतोय ह्यो?" पट्टा सेकंदाला मीटरभर पळतो. भोंगा तीन सेकंद उशिरा म्हणजे तुकडा पार जिनच्या तोंडात.

चूक माझीच. जेटपॅकसोबतचं (म्हणजे बोर्डाच्या अधिकृत सॉफ्टवेअरसोबतचं) ओपनसीव्ही, ही चित्रं तपासायची लायब्ररी, कूडाशिवाय येतं, म्हणजे ग्राफिक्स चिप वापरतच नाही, हे माहीत असून मी तेच वापरलं आणि सगळा व्हिडिओ सीपीयूच्या गळ्यात मारला. मग जीस्ट्रीमर या व्हिडिओ हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरने बोर्डावरचा हार्डवेअर डिकोडर (व्हिडिओ उलगडणारा वेगळा भाग) जोडला. फ्रेम तिथून थेट ग्राफिक्स चिपकडे, तिथेच लहान केली, रंगही तिथेच तपासला. सीपीयूला फक्त 'आहे' किंवा 'नाही' एवढंच कळवायचं. २५ च्या २५ फ्रेम निघाल्या. एआय मॉडेल लागलंच नाही. पांढऱ्या कापसात निळं-हिरवं शोधायला ते कशाला हवं? पांढरी पिशवी मात्र याला दिसत नाही, ती अजून बायाच वेचतात.

मायक्रो-यूएसबीला मोबाइलचा चार्जर लावू नका, मी लावला होता. काम वाढलं की बोर्ड मान टाकायचा. ५ व्होल्ट ४ अँपिअरचा गोल पिनचा अडॅप्टर घ्या आणि बोर्डावरच्या जे-४८ पिनांवर जंपर (छोटी टोपी) आठवणीने लावा, तरच त्या गोल पिनेतून वीज घेतो. पंखा आठवड्यात रुईच्या तंतूंनी बुजला. आता बोर्ड बंद डब्यात आहे, हीटसिंक पत्र्याला टेकवलेला.

नवीन घेणाऱ्यांसाठी: हा २०१९ चा बोर्ड, उबुंटू १८.०४ च्या पुढे अधिकृतपणे जात नाही. त्याच मालिकेतला नवा ओरिन नॅनो कितीतरी दमदार, पण त्यात हार्डवेअर एन्कोडर (रेकॉर्डिंगसाठी व्हिडिओ आकसणारा भाग) नाही, रेकॉर्डिंगचा भार सीपीयूवर येतो. मला क्लिप लागतात, कारण मेव्हणा त्या दाखवून भाव पाडतो. परवा एका शेतकऱ्याने विचारलं, "ही गोणी माझ्याच गाडीतली कशावरून?" क्लिपवर वेळ छापायची राहिली होती. ती काल टाकली.