डिझाइन स्प्रिंट: काही महिने वापरून झाल्यावर खरं काय ते

आमची नाशिकजवळच्या सातपूरची छोटी टीम, द्राक्ष बागायतदारांसाठी फवारणीच्या नोंदींचं अ‍ॅप बनवतो. डिझाइन स्प्रिंटबद्दल नेटवर एकतर नुसती आरती असते नाहीतर 'हे सगळे कन्सल्टंट लोकांचे धंदे', म्हणून म्हटलं स्वतः वापरून काय वाटलं ते लिहावं.

प्रकार थोडक्यात असा: एखादी नवी कल्पना बांधायला घेण्याआधी ती पाच दिवसांत तपासून बघायची. जेक नॅप या डिझायनरने २०१० मध्ये गुगलमध्ये हे सुरू केलं, नंतर गुगल व्हेंचर्समध्ये (गुगलची गुंतवणूक कंपनी) ते घोटून पक्कं झालं. सोमवारी प्रॉब्लेमचा नकाशा, मंगळवारी प्रत्येकाने एकट्याने कागदावर सोल्युशन काढायचं, बुधवारी त्यातलं निवडून स्टोरीबोर्ड (कोणत्या स्क्रीननंतर कोणती, त्याची चित्रं), गुरुवारी खरा वाटेल असा खोटा प्रोटोटाइप, शुक्रवारी तो पाच युजरना वापरायला देऊन बघायचं. खोलीत जास्तीत जास्त सात जण, मोबाईल-लॅपटॉप बंद. (मोबाईलवरून पहिल्याच दिवशी कुरकुर होणार, तयारी ठेवा.)

टीमला पटवणं हाच खरा घाट. साहेबांचा पहिला प्रश्न, "आठवडाभर सगळे बसून राहणार, मग डिलिव्हरी कोण देणार?" चूक नाहीये तो प्रश्न. म्हणून पद्धतीचं पीपीटी दाखवलंच नाही, एका पानावर एकच प्रश्न लिहून दिला: बागायतदार फवारणीची नोंद त्याच दिवशी करेल का, की काढणी जवळ आली की वहीतून एकदम उतरवेल? एक्स्पोर्टच्या मालाला याने फार फरक पडतो, कारण शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी माल काढायचा तो पीएचआय फवारणीच्या तारखेवरूनच मोजतात, आणि रेसिड्यू (मालात उरलेला औषधाचा अंश) जास्त निघाला की माल युरोपला जात नाही. हे फीचर बांधायला दोनेक महिने लागणार होते, त्यापेक्षा पाच दिवस घालवून 'नको' असं कळलं तरी फायदाच, हा हिशोब साहेबांना लगेच कळला. अट एकच घातली, डिसायडर, म्हणजे शेवटचा निर्णय घेणारे, तुम्हीच आणि बुधवारी खोलीत हजर. नंतरच्या एका स्प्रिंटला ते बुधवारी बाहेर होते आणि पुढच्या आठवड्यात सगळा निर्णय फिरला, तेव्हा ही अट सोडू नका.

मंगळवारचं एकट्याने काढणं मला सगळ्यात आवडलं, आमच्याकडे मीटिंगमध्ये जो मोठ्याने बोलतो त्याची आयडिया जिंकते, इथे टेस्टिंगवाल्या गप्प पोरीचं स्केच सगळ्यात जास्त ठिपके (मत द्यायला चिकटवतात ते) घेऊन गेलं. गुरुवार मात्र डिझायनरच्या जिवावर, फिग्मा (स्क्रीन डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) येणारा एकच असेल तर बाकीचे नुसते चहा पितात.

शुक्रवार खरा पैसावसूल. पाचच का, तर युजेबिलिटीतला जाणकार जेकब नीलसनचं म्हणणं असं की पाच जणांत वापरातल्या बहुतेक अडचणी दिसतात, आणि आम्हाला तिसऱ्यालाच दिसायला लागल्या. पिंपळगाव, ओझर, दिंडोरीकडचे बागायतदार बोलावले. ऑफिसात सगळे "छान आहे हो" म्हणतात, त्यामुळे आवडलं का हे विचारूच नका, "दादा, आत्ता फवारणी करून आलात, आता काय दाबाल?" असं विचारा आणि गप्प बसा. औषधाच्या यादीत आम्ही टेक्निकल नावं टाकलेली, सगळे तिथेच अडकले, त्यांना दुकानात मिळतं ते नाव माहीत. एक काका म्हणाले बाटलीचा फोटो काढू द्या की. आणि मोठी गोष्ट म्हणजे ब्लोअर (फवारणीचं यंत्र) चालवतो गडी, मोबाईल मालकाच्या खिशात, मग त्याच दिवशी नोंद करणार कोण? दोन महिन्यांचं फीचर तिथेच थांबलं, त्याऐवजी फोटो पाठवायची साधी सोय केली, ती लोक वापरतायत.

बारीकसारीक बदलाला हे वापरू नका, बटण कुठे ठेवायचं यासाठी सात जणांचा आठवडा जाळणं वेडेपणा आहे. आणि सीझन बघा. ऑक्टोबर छाटणीपासून पुढे काढणी संपेपर्यंत शुक्रवारी कोणी येत नाही, आले तरी लक्ष बागेत. पुढचा स्प्रिंट आम्ही काढणीनंतरच्या खरड छाटणीची धावपळ ओसरल्यावर ठेवलाय, आणि यावेळी पाचांत दोन गडी बोलावणार आहोत.