दाताचं इंजेक्शन आणि मुलांची भीती: समोरचा पडदा बरा की डोळ्यांवरचा चष्मा?

दाढ किडली, गाल सुजला आणि डॉक्टर म्हणाले ‘बधिर करूनच काम करावं लागेल’, की मुलाआधी आईबापाच्याच पोटात गोळा येतो. लहान मुलांच्या दाताच्या दवाखान्यांत आता खुर्चीच्या वर टीव्ही किंवा टॅब लावलेला दिसतो, कुठे व्हीआर चष्मा (डोळे पूर्ण झाकून आतच चित्र दाखवणारा) आणि हेडफोन देतात. कुठे यातलं काहीच नसतं, तिथे आईचा मोबाईल असतोच. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे पालक मला विचारतात, यातलं काय निवडायचं?

माझं मत आधीच सांगते. पहिल्यांदाच सुई घेणाऱ्या मुलासाठी साधा पडदा, म्हणजे टीव्ही, टॅब किंवा मोबाईल. चष्मा ठरावीक मुलांसाठीच.

दोन्हींचं काम एकच. कार्टूनमध्ये रमलेल्या मुलाला टोचलेलं कळतं, पण मन दुसरीकडे असल्यामुळे त्याची धार कमी होते. चष्म्याची खरी जमेची बाजू म्हणजे सुई दिसतच नाही. ज्या मुलाला सिरिंज नुसती दिसली तरी रडू फुटतं, मागच्या वेळी ज्याने ती पाहिली आहे, आणि जे जरा मोठं, समजून घेणारं आहे, त्याला याचा उपयोग होऊ शकतो. पडद्यावरून मात्र नजर कधीही खाली येऊ शकते. तरी मुलांची सवय असलेले डॉक्टर ते सांभाळतात. सहाय्यक सिरिंज हनुवटीच्या खालून देते, डॉक्टर एका हाताने गाल ओढून धरतात आणि तो हलकासा हलवत राहतात. त्या हाताच्या आडच सुई जाते. मुलाचं लक्ष हलणाऱ्या गालाकडे जातं.

आता चष्म्याची अडचण. काही पोरांना सगळं बघायचं असतं. ‘हे काय? ते कशाला?’ असं विचारत विचारतच ती धीर धरतात. अशा मुलाचे डोळे झाकले की त्याचा आधारच जातो. अचानक तोंडात काहीतरी शिरतं, मूल दचकतं आणि अंगठ्याने चष्मा खालून उचलून डोकावतं, तेही नेमकं सुई आत असताना. या क्षणाला मी सगळ्यात जास्त घाबरते, कारण तेव्हा डोकं हललं तर इजा होऊ शकते. शिवाय चष्म्याचा डबा नाकावर बसतो, त्यामुळे वरच्या पुढच्या दातांचं काम असेल तर डॉक्टरांच्या हाताला अडतो. काही मुलांना त्याने मळमळतं. आकडी येणाऱ्या मुलाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नये. मेटा कंपनीने आपल्या क्वेस्ट या व्हीआर चष्म्यासाठी किमान १० वर्षांची अट ठेवली आहे. दुधाच्या दाढांसाठी इंजेक्शन घेणारी बरीचशी मुलं त्याहून लहान असतात.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे, ती म्हणजे भाषा. मूल मराठी शाळेतलं, सहाय्यक कन्नड बोलणारी आणि कार्टून हिंदी, असं सर्रास घडतं. कानावर हेडफोन आणि डोळ्यांवर चष्मा असला की मुलाला कुणाचंच ऐकू येत नाही. पडदा असेल तर आई शेजारी उभी राहून सांगू शकते, ‘आता गाल झोपणार हं, तोंड मोठं उघड बाळा.’ तेवढ्या एका ओळखीच्या आवाजाने फार फरक पडतो. हेडफोन लावायचाच असेल तर एक कान मोकळा ठेवायला सांगा.

आरोग्यावरचं संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये दाताच्या इंजेक्शनच्या वेळी मुलांना मदत करणाऱ्या उपायांचा आढावा घेतला. त्यात २६ चाचण्या आणि २,४३५ मुलं होती. अमुकच उपाय सरस, असं ठामपणे म्हणण्याइतका भक्कम पुरावा त्यातून निघाला नाही. म्हणून केवळ चष्मा आहे म्हणून जवळचे, मुलाच्या ओळखीचे डॉक्टर सोडून लांब जाऊ नका. बेळगावात केएलईचं आणि मराठा मंडळाचं अशी दोन दंत महाविद्यालयं आहेत. तिथे जाणार असाल तर मुलांच्या विभागात काय सोय आहे ते आधीच विचारून घ्या.

चष्मा किंवा टीव्हीपेक्षाही दवाखान्यात विचारायची गोष्ट वेगळीच आहे: टोचण्याआधी जेल लावता का, आणि औषध हळू सोडता का? हिरडी कोरडी करून बधिर करणारं जेल लावायचं, एक-दोन मिनिटं थांबायचं, मग एका मिलीलिटरला साधारण एक मिनिट या गतीने औषध सोडायचं. हे घाईत उरकलं तर कुठलंच कार्टून मुलाला धरून ठेवत नाही. उलट पुढच्या वेळी तेच कार्टून लागलं की मूल ओळखतं, आता टोचणार.

मोबाईल वापरणार असाल तर मुलाने आधी पाहिलेलं, आवडीचं काहीतरी घरूनच डाउनलोड करून न्या. जांबोटी-कणकुंबीकडून येणाऱ्यांनी रेंजच्या भरवशावर राहू नये. व्हिडिओ खुर्चीत बसल्या बसल्या सुरू करा, सुई हातात घेतल्यावर नव्हे. गेम देऊ नका, हात आणि मान दोन्ही हलतात. आणि ‘काही टोचणार नाही’ असं खोटं सांगू नका. ‘मुंगी चावल्यासारखं होईल, मग गाल झोपेल’ एवढं खरं सांगितलेलं मुलं मानतात.

तीन वर्षांच्या आतलं मूल, किंवा खुर्चीजवळ जाताच हातपाय झाडणारं मूल, यांच्यासाठी पडदाही नाही आणि चष्माही नाही. त्यांना दाबून धरून काम उरकण्यापेक्षा काम पुढे ढकलता येईल का, नाहीतर नाकावाटे नायट्रस ऑक्साइड हा मुलाला शांत करणारा वायू देऊन किंवा भूल देऊन करता येईल का, हे डॉक्टरांशी स्पष्ट बोला.