बेडूक की बकरी? फ्रेंचांची फिरकी घेणाऱ्या दोन बाटल्या

जेवायला बोलावणं आलंय, सोबत वाइन न्यायचीय आणि टेबलावर ठेवल्याबरोबर चार माणसं हसावीत अशी इच्छा आहे. इंग्लंडात अशा वेळी माझा हात दोन लेबलांपाशी घुटमळायचा: फ्रान्सची अ‍ॅरोगंट फ्रॉग आणि दक्षिण आफ्रिकेची गोट्स डू रोम. दोन्ही खिशाला झेपणाऱ्या, आणि थट्टा दोन्हीकडे फ्रेंचांचीच.

अ‍ॅरोगंट फ्रॉग येते दक्षिण फ्रान्समधल्या लांगदॉकच्या जाँ-क्लोद मास या वाइन उत्पादकाकडून. इंग्रज फ्रेंचांना बेडूक म्हणून हिणवत आले, वर गर्विष्ठपणाचा शिक्का. मास यांनी ही दोन्ही दूषणं उचलली आणि आपल्याच बाटलीवर चिकटवली. हे धाडस मला मनापासून आवडतं. बेडूक बघितला की विनोद कळतो, आत कॅबर्ने सोव्हिन्यों आणि मेर्लो ही द्राक्षं आहेत हेही चटकन समजतं. इथे बेडूक सरस, हे मान्यच करायला हवं.

गोट्स डू रोमचा विनोद जरा उशिरा पोचतो. अर्थ ‘बकऱ्या भटकतातच’, पण नाव मोठ्याने म्हणायचं, आणि ते जिच्यासारखं ऐकू येतं ती फ्रान्सची कोत द्यू रोन वाइन ऐकणाऱ्याला ठाऊक हवी. पण त्यामागची हकिकत भारी आहे. पार्लजवळच्या फेअरव्ह्यू मळ्यात चार्ल्स बॅक यांनी खरोखरच बकऱ्या पाळल्या आहेत. त्यांच्यासाठी गोल जिन्याचा मनोरा बांधलाय, दुधाचं चीजही तिथेच होतं. अमेरिकेत हे नाव नोंदवायची वेळ आली तेव्हा फ्रान्समध्ये वाइनच्या नावांची राखण करणाऱ्या सरकारी संस्थेने हरकत घेतली. बॅक यांनी केपटाउनमधल्या फ्रेंच वकिलातीपुढे बकऱ्या नेऊन निदर्शनं केली! पुढे कोत रोती या दुसऱ्या फ्रेंच वाइनच्या चालीवर गोट-रोती नावाची बाटलीही काढली.

आता माझं मत कशाने फिरलं ते सांगतो. बेडकाची बाटली टेबलावर आली की कोणीतरी फ्रेंच हेल काढून बोलायला लागतंच. मग लसूण, मग संप, मग ‘ते इंग्रजी मुद्दामच बोलत नाहीत’. टेबलावर एखादा फ्रेंच पाहुणा असला तर तो सभ्यपणे हसतो आणि ताटाकडे बघत राहतो. ते हसू मी ओळखतो. आपल्या माना डोलावण्याची नक्कल सुरू झाली की मीही तसाच हसतो. पुणेकराने स्वतःला खडूस म्हणावं, सगळे खूश. पण तेच मुंबईकराने म्हटलं की वातावरण बदलतं ना, तसंच हे. मास यांच्या हातात तो बेडूक शोभतो. माझ्या हातून टेबलावर गेला की ती फ्रेंचांची स्वतःवरची थट्टा उरत नाही.

बकरीच्या बाटलीने असं कधी झालेलं मला आठवत नाही. ती टोपी उडवते नावांवरच्या हक्काची आणि कायद्याच्या कडकपणाची. त्यामुळे फ्रेंच माणूसही सरसावून बोलतो. एकाने तर शातोनफ द्यू पाप या वाइनसाठी प्रसिद्ध फ्रेंच गावाच्या 1954 च्या फर्मानाची गोष्ट रंगवून सांगितली: गावाच्या हद्दीत उडत्या तबकड्या उतरवायला बंदी, उतरलीच तर जप्ती. कॅलिफोर्नियाचे वाइन उत्पादक रँडल ग्रॅम यांची ‘ल सिगार व्होलाँ’ (‘उडती सिगार’, म्हणजे फ्रेंचांची उडती तबकडी) ही वाइन त्याच फर्मानावरून निघाली. पहिली वाइन 1984 च्या हंगामाची. लेबलवर द्राक्षमळ्यावर तरंगणारं यान आहे. मला ती दोन्हींहून जास्त आवडते, पण किंमत बरीच वर जाते, म्हणून खास प्रसंगापुरतीच.

चवीचं म्हणाल तर ज्याची त्याची जीभ. आमच्याकडे मटणाचा रस्सा असला की कॅबर्नेचा तुरटपणा तिखटासोबत अंगावर येतो, बकरीतलं शिराझ द्राक्ष मात्र मसाल्याशी जुळवून घेतं. साध्या भाजलेल्या मांसाबरोबर बेडूकही छान लागेल, आणि यजमान स्वतःच फ्रेंच असून त्यांनीच ती बाटली काढली तर खुशाल हसा. पाहुणे कोण येणार हे माहीत नसेल तर मी बकरीच नेईन. रंग तेवढा बघून घ्या. गोट्स डू रोम व्हाइट आणि रोझेमध्येही मिळते.